लोणावळ्याचा बंगला आणि न लिहिलेली कादंबरी

मराठी माणूस लिहीत नसला तरी त्याला सुचत मात्र असतं. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, संमेलनाच्या मांडवात, कुठंही लिहिणाऱ्या माणसाशी ओळख झाली की थोड्याच वेळात ते वाक्य येतं : "सुचतं हो खूप. डोक्यात एक कादंबरी तयारच आहे. पण वेळ कुठाय? लोणावळ्याला कुणाचा बंगला आठ दिवस मिळाला, तर बसून लिहून टाकीन." गाव बदलतं, कधी पाचगणी असतं, कधी दापोली. पण मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतल्या न लिहिणाऱ्या लेखकांचं एकमत होतं ते लोणावळ्यावरच.

हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, म्हणून कुणी त्याला उत्तर देत नाही. उत्तर द्यायला हवं, कारण त्याच्या पोटात तीन समज आहेत आणि तिन्ही आता उपदेश म्हणून फिरू लागले आहेत. पहिला समज असा, की सुचणं हीच अवघड गोष्ट आणि ती आपल्याला साधली आहे. दुसरा, सुचलेलं ताबडतोब टिपून ठेवलं की ते आपलं झालं. तिसरा, आता उरला फक्त वेळ आणि तो एकगठ्ठा मिळाला पाहिजे. या तिन्हींना वैतागून समोरचा माणूस चौथा समज फेकतो : "ज्याला खरंच लिहायचं असतं तो वेळ काढतोच, बाकी सगळे बहाणे." माझ्या मते हे चारही समज चुकीचे आहेत. पहिले तीन भाबडे आहेत. चौथा निर्दय आहे.

आधी लोणावळ्याचं बोलू. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि हे गाव दोन्ही शहरांच्या अंगणात आलं. पावसाळ्यातल्या शनिवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नाही. बाजारात चिक्कीच्या दुकानातला माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो. त्याला लोणावळ्यातली शांतता कुठं मिळते ते विचारून पाहा. बंगल्याची राखण करणारा, पाहुण्यांचा स्वयंपाक करणारी, टाकी भरली का ते बघणारा माळी, या सगळ्यांच्या कामावर ती शांतता उभी असते आणि ती पाहुण्यापुरतीच असते. डोंगर, धुकं आणि पाऊस यांनी माणूस लिहिता होत असता, तर खंडाळा ते कामशेत या पट्ट्यात घरटी एक कादंबरी निघाली असती.

बरं, समजा आडवारी गेलात आणि बंगला खरोखर शांत मिळाला. पहिला दिवस सामान लावण्यात जातो, दुसरा सोबत आणलेली पुस्तकं चाळण्यात. तिसऱ्या दिवशी कळतं, की डोक्यात तयार असलेल्या कादंबरीत एक सुरुवातीचा प्रसंग आहे, एक शेवटाचा भास आहे आणि मध्ये नुसतं धुकं आहे. डोक्यातली कादंबरी कधी अडत नाही, कारण तिच्यात वाक्यं नसतात. लिहायला घेतली की मात्र ती अडते, पहिल्या पानाच्या खाली. नायिकेला स्वयंपाकघरातून अंगणात आणायचं असतं आणि ती का येईल हे लेखकाला ठाऊक नसतं. हे 'का' आठ दिवसांत एकदम सापडत नाही. ते आधी कितीतरी वेळा शोधून झालेलं असावं लागतं.

इथं दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच मांडतो, कारण तो नेहमी पुढं येतो. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत, पेन्सिलीनं लिहिलं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीला ती पुरी झाली. मग एकांत मिळाला की पुस्तक होतं, हे सिद्धच झालं की नाही?

नाही झालं. टिळकांचा गीतेशी संबंध मंडालेत सुरू झाला नव्हता. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, १८७२ मध्ये, सोळा वर्षांच्या टिळकांनी त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवली होती, आणि मूळ प्रश्न तेव्हापासून मनात राहिला असं त्यांनी प्रस्तावनेत नोंदवलं आहे. म्हणजे प्रश्न पडला त्याला अडतीस वर्षं होऊन गेली होती. त्या अडतीस वर्षांत ते त्याच प्रश्नाकडे परत परत गेले, ग्रंथ वाचले, व्याख्यानांतून मतं तपासून घेतली, आणि शिवाय 'केसरी'साठी ठरल्या वारी लिहीत राहिले. तुरुंगानं त्यांना वेळ दिला, हे खरं. पण त्या वेळात ओतायला जे होतं, ते तुरुंगानं दिलं नव्हतं.

साने गुरुजींचंही तेच. त्यांची आई १९१७ मध्ये गेली. पुस्तक १९३३ चं. मधल्या वर्षांत ते अमळनेरला शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते आणि मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत होते. शाळेचं काम, मुलांची आजारपणं, त्यांचे कपडे, अंथरुणं, हे सगळं आटोपल्यावर रोजचा अंक लिहिणाऱ्या माणसाचा हात १९३३ च्या त्या पाच दिवसांत चालला. हात चालता होता म्हणून पाच दिवस पुरले. ज्याचा हात वर्षानुवर्षं थांबलेला आहे, त्याला पाच महिने दिले तरी तो खिडकीतून पाऊसच बघणार. एकांत पीक कापायला उपयोगी पडतो. पेरणी त्याच्या आधी, गर्दीत, कामाच्या धबडग्यात झालेली असते.

लोणावळा ज्यात येतं त्याच मावळ तालुक्यात बसून लिहिणाऱ्याचं उदाहरण हवं असेल तर गो. नी. दांडेकरांचं घ्या. त्यांचं घर तळेगाव दाभाड्यात होतं आणि लेखनावर चरितार्थ चालवणाऱ्या मोजक्या मराठी लेखकांत ते होते. 'पवनाकाठचा धोंडी' १९५५ ची, 'माचीवरला बुधा' १९५८ ची. पहिलीत पवन मावळ आहे, दुसरीत राजमाची. या कादंबऱ्या वाचून लोक म्हणतात, 'त्यांना काय, निसर्ग दारात होता.' निसर्ग लाखो पर्यटकांच्याही दारात येतो. राजमाचीवर काजवे बघायला दर जूनमध्ये झुंडी जातात आणि चित्रफिती घेऊन परततात. दांडेकरांनी तेराव्या वर्षी घर सोडलं होतं. ते गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि पुढं आयुष्यभर किल्ले पायाखाली घातले. एकाच किल्ल्यावर ते पुन्हा पुन्हा गेले. बुधा त्यांना एका रविवारच्या सहलीत भेटलेला नाही. माचीवरची माणसं काय खातात, कशाला भितात, कुठल्या शब्दात रागावतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच बुधा दिसू शकतो. निसर्ग दारात असणं आणि त्याच दारातून शंभरदा बाहेर पडणं, या दोन गोष्टींत कादंबरीइतकं अंतर आहे.

आता टिपण्याकडे वळू, कारण सध्या तिथंच सगळ्यात जास्त भाबडेपणा आहे. 'सुचलं की लगेच टिपा' हा सल्ला चांगलाच आहे. पण तो अर्धाच सांगितला जातो. पूर्वी खिशात डायरी असायची, आता मोबाइल आहे. त्यात टिपणं, स्वतःलाच पाठवलेले संदेश, आवाजाच्या फिती, फलकांचे आणि चेहऱ्यांचे फोटो साचत जातात. टिपणाऱ्याला वाटतं आपण श्रीमंत होतोय. सहा महिन्यांनी उघडून पाहिलं तर लिहिलेलं असतं : 'फलाटावरची म्हातारी, बांगड्या, पाऊस.' कुठला फलाट? बांगड्यांचं काय? त्या क्षणी अंगावर काटा आला होता एवढंच आठवतं, का आला ते आठवत नाही.

मावळातला शेतकरी ही चूक करत नाही. इथं भाताचं बी विखरून कुणी घरी बसत नाही. उन्हाळ्यात राब भाजतात, त्यावर रोप टाकतात, पाऊस लागला की चिखलणी करतात आणि तीन-चार आठवड्यांचं रोप उपटून खाचरात आवणी करतात. रोप राबातच राहिलं तर ते हिरवंगार दिसतं, दाटही दिसतं, पण त्याला फुटवे फुटत नाहीत आणि लोंबी येते ती नावापुरती. टिपणाचं नेमकं असंच होतं. राबात हजार रोपं दाटीनं उभी आहेत याचा अभिमान कोण धरेल? आवणी किती झाली ते विचारा. टिपलेल्या ओळीकडे दिवस-दोन दिवसांत परत जाऊन तिच्या दहा ओळी केल्या, म्हातारी कुणाशी बोलत होती, काय म्हणाली, बांगड्या कुणासाठी घेतल्या होत्या हे लिहून ठेवलं, तर ते रोप खाचरात गेलं. नाही तर मोबाइल भरला, एवढंच.

टिपून घेण्याचा मोठेपणा बघायचा असेल तर तोही याच तालुक्यात आहे. सुदुंबरे हे संताजी जगनाड्यांचं गाव, त्यांची समाधी तिथंच आहे. घाण्यावर तेल काढणारा हा माणूस तुकोबांचा टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचा लेखनिक. जवळच इंदोरीचा भंडारा डोंगर, जिथं तुकोबा एकांतासाठी जात अशी परंपरा सांगते. भंडाऱ्याचं नाव घेऊन एकांताचे वकील उठतील, म्हणून आधीच सांगतो : त्या डोंगरावर जाणारा माणूस संध्याकाळी खाली उतरून कीर्तनाला उभा राहत होता. अभंग डोंगरावर सुचला असेल, पण तो लोकांपुढं म्हटला गेला, टाळकऱ्यांनी धरला, संताजींनी उतरवून घेतला. पुढं वि. ल. भाव्यांनी संताजींच्या वह्यांवरून गाथा छापली.

इंद्रायणीत वह्या बुडवल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. नदीनं त्या तेरा दिवसांनी परत दिल्या ही श्रद्धा आहे, तिच्याशी मला वाद घालायचा नाही. पण वह्या बुडूनही अभंग बुडाले नाहीत याचं साधं कारणही समोर आहे. ते म्हटले जात होते, पुन्हा पुन्हा, अनेक तोंडांनी. 'टिपलं नाही तर गेलं' असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कागदावर असो की मनात, टिकतं ते ज्याच्याकडे माणूस परत जातो तेच. एकदा लिहून कप्प्यात टाकलेली ओळ आणि एकदा मनात येऊन विसरलेली ओळ, यांत फक्त कप्प्याचा फरक आहे.

मग प्रश्न येतो परत जायच्या वेळेचा. 'रोज तेवढं जमत नाही, नोकरी आहे, प्रवास आहे.' प्रवासावरून दामोदर कोसंबींची आठवण होते. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेला हा गणिती १९४६ पासून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता आणि राहत होता पुण्यात. डेक्कन क्वीननं त्यांचं जाणं-येणं चाले. जाताना आणि येताना गाडी मावळातून जायची, कार्ल्याचा डोंगर खिडकीतून दिसायचा. हेच कोसंबी सुटीच्या दिवशी त्या डोंगरांत पायी फिरत होते, दगडाची हत्यारं वेचत होते, गावाबाहेरच्या देवींची नावं विचारत होते, लेण्यांतले ब्राह्मी लेख वाचत होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या दात्यांपैकी बरेच 'धेनुकाकट' या गावचे आहेत. ते गाव कुठलं, तिथले व्यापारी या घाटवाटेवर काय करत होते, यावर त्यांनी १९५५ मध्ये निबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ आणला. पोटापाण्याचं काम गणिताचं होतं. इतिहास गाडीत, रविवारी आणि पायांनी झाला.

कोसंबींचं उदाहरण दिलं की लोक हात जोडतात : 'ते कोसंबी होते.' बुद्धी त्यांची होती, मान्य. पण गाडी सगळ्यांची आहे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव इथून माणसं तिच्यात चढतात आणि चिंचवड-पिंपरीला, शिवाजीनगरला उतरतात. ६४ किलोमीटरचा हा मार्ग, पुरता केला तर सव्वा तासाच्या पुढंच जातो. गर्दीत उभ्या माणसाला वही काढता येत नाही, हे मीही जाणतो. पण पुढचा परिच्छेद कुठून सुरू करायचा हे ठरवायला वही लागत नाही. ते ठरवूनच घरी पोचणारा माणूस अर्ध्या तासात ते उतरवून काढतो. न ठरवता टेबलाशी बसणारा दोन तास कोरा बसतो आणि मग म्हणतो, वेळच पुरला नाही.

त्या डब्यात आज काय दिसतं? मान खाली आणि अंगठा वर-खाली. ज्या यंत्रात टिपणं आहेत त्याच यंत्रात ती उघडू न देणारं सगळं आहे. पूर्वीचं काम हात अडकवत होतं, मन मोकळं सोडत होतं. आजचा विरंगुळा हात मोकळे ठेवतो आणि मन अडकवतो. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांकडे वेळ असतो, रिकामं डोकं नसतं. त्या डोक्याला लोणावळ्याला नेलं तर तिथंही मोबाइलचं जाळं चांगलंच लागतं.

इथवर वाचून चौथ्या समजाचे लोक खूष होतील : 'बघा, आम्ही हेच म्हणत होतो. इच्छा असली की वेळ निघतो.' त्यांच्याशीच माझा खरा झगडा आहे. वेळ आभाळातून पडत नाही आणि नुसत्या इच्छेनंही निघत नाही. घरातल्या कुणाच्या तरी हातून तो निघतो. संध्याकाळी एक माणूस दोन तास टेबलाशी बसतो तेव्हा भाकऱ्या दुसरं कुणीतरी थापतं, मुलाचा गृहपाठ दुसरं कुणीतरी घेतं, दारावर आलेल्याला 'ते लिहितायत' असं दुसरं कुणीतरी सांगतं. मराठी पुस्तकांच्या अर्पणपत्रिका चाळा. पत्नीच्या सोशिकतेबद्दल कृतज्ञता किती पुस्तकांत आहे? आणि पतीनं स्वयंपाक सांभाळला म्हणून हे लिहून झालं, असं किती लेखिकांना लिहिता आलं?

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढी उतरवून घेतली. ती गाणी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर. उतरवून न घेतलेली किती गेली याचा हिशेब कुणाकडे नाही. त्यांना 'इच्छा असली तर वेळ काढा' असं सांगायची कुणाची हिंमत आहे? त्यांची रचना कामातच चालू होती. कमी होता तो कागद धरणारा माणूस, आणि तो सगळ्या बायकांना मिळाला नाही.

मावळाला लागून असलेल्या मुळशीच्या डोंगरगावांत हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम पुढं महाराष्ट्रभर पसरलं आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पहाटे दळणाला बसलेल्या बाईला ना वही, ना टेबल, ना बंगला. तिनं भाऊ, सासर, विठ्ठल, पाऊस, गरिबी यांवर रचलं आणि शेजारणीनं त्यात कडवं जोडलं. ज्यांनी गावोगावी जाऊन ते नोंदवलं, त्यांनी वर्षानुवर्षं त्याच गावांत परत जाण्याचं काम केलं. सुचणं किती विपुल आहे आणि टिकवणं किती कष्टाचं आहे, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नसेल. आता जातं गेलं, गिरणी आली. बाईचे कष्ट वाचले ते चांगलंच झालं. पण पहाटेचा तो वेळ तिच्या नावावर जमा झाला का? डबे, शाळेची बस, नोकरीची वेळ यांनी तो केव्हाच घेतला.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट तर अंगावर येते. दुकान चालवता चालवता, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतलं वाचत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत. लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवत. अशी वर्षं गेली, वीसेक वर्षं. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनानं ते बाहेर आलं, आधी मासिकात आणि मग १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' या नावानं पुस्तक म्हणून. या आत्मकथनाकडे बोट दाखवून 'बघा, तिनं वेळ काढला' म्हणणं सोपं आहे. पण मला दुसरं दिसतं. एका बाईला लिहिण्यासाठी चोरासारखं वागावं लागलं आणि तिच्यासारख्या ज्यांना लपवायला जागा सापडली नाही, त्यांची पुस्तकं आपल्याकडे नाहीतच. चिकाटीचं कौतुक करताना अन्यायाला सद्गुणाची पदवी देऊ नये.

म्हणून मी दोन्ही बाजूंना नकार देतो. आठ दिवसांचा बंगला मागणारा वेळेला डोंगरावर शोधतो. 'वेळ काढतोच' म्हणणारा वेळेला माणसाच्या स्वभावात शोधतो. वेळ असतो घराच्या वाटणीत आणि ठरलेल्या तारखेत.

तारखेचं महत्त्व मराठी साहित्याला कुणी शिकवायला नको. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः आली. आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनाचं काम करणारा माणूस आठवड्याच्या आठवड्याला प्रकरण देत होता. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी कथा पावसाळ्याच्या तोंडावर संपादकाच्या पत्रानं जागी होते. आपल्या कितीतरी चांगल्या कथा या तारखेनं लिहवून घेतल्या आहेत. प्रतिभेची वाट बघत बसलेल्यांना हे ऐकून कमीपणा वाटेल, पण प्रतिभा तारखेला घाबरत नाही, आळस घाबरतो.

खुद्द लोणावळ्यातही शांततेनं काही घडवलं ते असंच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथं कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं. योगक्रियांवर प्रयोग करायचे आणि ते नियमितपणे छापायचे, असा तो नेम होता. डोंगर तेच, धुकं तेच. फरक पडला तो प्रयोगवहीनं आणि अंकाच्या तारखेनं.

एक आक्षेप उरतो आणि तो मला मान्य आहे. काही लेखन तुकड्यांत होत नाही. मोठी कादंबरी शेवटाकडे आली, सगळे धागे एकाच वेळी हातात धरायचे असले, की सलग दिवस लागतात. तेव्हा जरूर जा. लोणावळ्याला जा, कुणी पैसे देत असेल तर परदेशातल्या लेखक-निवासात जा. पण पिशवीत दीडशे पानं घेऊन जा. कोऱ्या वहीनं जाणारा पाहुणा असतो, पानं घेऊन जाणारा लेखक.

उरलेल्यांसाठी माझा सल्ला रुक्ष आहे. टिपणं कमी करा आणि त्यांच्याकडे परत जाणं वाढवा. आठवड्यातून एक ठरलेला वार ठेवा, जुनी टिपणं उघडा, प्रत्येकाचं काहीतरी करा : दहा ओळी वाढवा, दुसऱ्या टिपणाला जोडा, नाही तर खुशाल पुसून टाका. मेलेलं टिपण ठेवण्यात काही पुण्य नाही. रोजचा अर्धा तास ठरवा, तोही दिवसातला उरलासुरला नको, डोकं ताजं असतानाचा हवा. लिहून झालेलं कुणाला तरी ठरल्या दिवशी द्यायचं कबूल करा, मग तो संपादक असो, वाचनालयातला मित्र असो की गावातलं हस्तलिखित मासिक.

आणि तो अर्धा तास घरात उघडपणे मागा. लपवून नको आणि गृहीत धरूनही नको. बदल्यात दुसऱ्याला त्याचा अर्धा तास द्या. घरात बायको, सून, आई, मुलगी यांच्यापैकी कुणी वहीच्या मागच्या पानावर काही लिहीत असेल, तर ते काय आहे असं विचारण्याआधी तिच्या वाटची भांडी घासून ठेवा. तिला प्रोत्साहनाची फारशी गरज नसते, मोकळ्या हातांची असते. तेवढं ज्या घरांत होईल, पुढची चांगली मराठी पुस्तकं त्याच घरांतून येतील.